पाण्यातला दम

परवा संध्याकाळी भाची आली ती पायातल्या चपलाही न काढता ओट्यावरच बसली. बारावीची परीक्षा जवळ आली की तिची अशीच अवस्था असते. वहीचं पान माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "मावशी, ॲसिड घातल्यावर पाणी बेसिक होईल का गं?"

"कोण म्हणतं?"

"माझं उत्तर म्हणतंय."

गणित जुनंच होतं. माझ्या वेळीही होतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड इतकं पातळ करा की लिटरमध्ये त्याचा मोलचा (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) दहा कोटीवा भाग उरेल. आता पीएच, म्हणजे पाणी किती ॲसिड किती अल्कली ते सांगणारा आकडा, किती? दहा कोटी म्हणजे एकावर आठ शून्यं, म्हणून हिनं बेधडक आठ लिहिलं होतं. आणि साताच्या खाली ॲसिड, वर बेसिक म्हणजे अल्कली, म्हणून आठ तर अल्कलीच्या बाजूला. चूक कुठे आहे ते सापडत नव्हतं, पण उत्तर खोटं आहे हे तिला कळत होतं. मला तिचं हे फार आवडलं. सूत्र बरोबर लावलं असूनही उत्तरावर विश्वास न ठेवणारी मुलं थोडी असतात.

मी तिला पाटी आणायला सांगितली. आमच्या बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या घरात आजोबांच्या वेळची दगडी पाटी अजून आहे, आणि शून्यं मोजायला कागदापेक्षा ती बरी.

पीएच समजायला मराठी माणसाला लॉगची गरज नाही असं मला नेहमी वाटत आलंय. आपल्याकडे शंभर, हजार, लाख, कोटी आहेत, आणि प्रत्येकाची शून्यं आपल्याला झोपेतही सांगता येतात. लिटरभर पाण्यात हायड्रोजन आयनांचा, म्हणजे ॲसिडपण आणणाऱ्या विद्युतभारित कणांचा, एक शतांश मोल असेल तर पीएच दोन, सहस्रांश असेल तर तीन, लाखावा भाग असेल तर पाच, आणि कोटीवा भाग असेल तर सात. कोटीत सात शून्यं, एवढंच. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सेननं १९०९ साली ही मोजपट्टी काढली ती याच सोयीसाठी, इतके लहान अपूर्णांक पुन्हा पुन्हा लिहावे लागू नयेत म्हणून. महाराष्ट्रातल्या शेतीच्या लेखांत हिला 'सामू' म्हणतात. आम्ही बडोद्याचे, इथे तो शब्द कधी कानावर आला नाही. मी पीएचच म्हणते.

आता शुद्ध पाणी घ्या. त्यात कुणी काही घातलेलं नाही, तरी त्यातले काही रेणू आपण होऊन फुटतात. एकाचा हायड्रोजन आयन शेजारच्याकडे जातो, मागे अल्कलीपण आणणारा हायड्रॉक्साईड उरतो. २५ अंश सेल्सियसला असे फुटलेले किती? बरोबर कोटीवा भाग मोल. आणि लिटरभर पाण्यात एकूण पाणी साडेपंचावन्न मोल. म्हणजे साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एक फुटलेला. अख्ख्या भारतात हे प्रमाण लावलं तर दोन-तीन माणसं भरतील.

पण ती दोन-तीन माणसं कायमची तीच नसतात, आणि समतोल या शब्दाचा अर्थ इथेच आहे. एक फुटतो, दुसरे दोन जुळतात, पुन्हा तिसरा फुटतो. जुळणं इतकं झटपट होतं की ते मोजण्याची पद्धत काढणाऱ्या मॅनफ्रेड आयगेनला त्या कामासाठी १९६७ चं नोबेल मिळालं. फुटणं मात्र अगदी सावकाश. एका विशिष्ट रेणूवर डोळा ठेवून बसलात तर त्याची पाळी सरासरी दहा-अकरा तासांनी येते. बाहेरून बघणाऱ्याला पाणी शांत दिसतं. आत ही ये-जा अखंड चालू असते, फक्त जाणारे आणि येणारे सारखे असतात.

"मग माझ्या ॲसिडचं काय?" भाचीनं मला वळणावर आणलं.

तुझं ॲसिड दहा कोटीवा भाग. पाणी स्वतःच कोटीवा भाग आणतंय, म्हणजे तुझ्या दहापट. तू पाण्याला हिशेबातच धरलं नाहीस. बरं, दोन्हींची नुसती बेरीज करूनही चालत नाही, कारण बाहेरून थोडे आयन आले की पाणी आपला हात थोडा आखडता घेतं. हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साईड यांचा गुणाकार त्याला ठरलेलाच ठेवायचा असतो. वर्गसमीकरण सोडवलं की, मोलच्या कोटीव्या भागांत मोजून, पाण्याचा वाटा १ वरून ०.९५ वर येतो, त्यात तुझा ०.१ मिळवला की १.०५. पीएच ६.९८. साताच्या जरासं खाली. ॲसिड घातलं तर पाणी ॲसिडच होतं, पण केसभर.

तिनं ते पाटीवर स्वतः सोडवलं, उत्तर आल्यावर खडू खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे सात हा आकडा एवढा नाजूक असतो?"

या प्रश्नासाठी मी ही पोस्ट लिहायला बसले आहे. कारण मला सात किती नाजूक असतो हे पुस्तकातून नाही, एका टाकीच्या कठड्यावर उभं राहून कळलं होतं.

सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठातून एम.एस्सी. होऊन मी शहराच्या उत्तरेकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. काम सांडपाण्याचं. इथल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी १९८३ पासून जवळजवळ ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून मही नदीच्या मुखाकडे, खंबातच्या आखाताच्या दिशेनं जातं. त्या कालव्यात पाणी सोडण्याआधी ते ठरलेल्या मर्यादेत आणणं हे आमच्या ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या विभागाचं काम. पीएचची सर्वसाधारण मर्यादा आज ५.५ ते ९ आहे. ऐकायला केवढी मोठी वाटते! साडेतीन घरांची मोकळीक.

१९८९ चा पावसाळा. बायकांना तेव्हा कारखान्यात रात्रपाळी नसायची, म्हणून मी सकाळी सातला पोचले ती थेट ईटीपीवर. टाकी पन्नास हजार लिटरची, काठोकाठ भरलेली. पीएच २. त्या दिवशीचं पाणी म्हणजे जवळजवळ नुसतं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि मीठ, दुसरं त्यात फारसं काही नव्हतं. मागे वळून बघताना कळतं की सगळा घोळ त्या 'दुसरं फारसं काही नव्हतं' मध्येच होता.

ऑपरेटर काका वयानं माझ्या वडिलांएवढे, हात सराईत. कॉस्टिक लायच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईड या तीव्र अल्कलीच्या द्रावणाच्या, पिंपातून त्यांनी हिशेबानं लाय सोडली, पाणी ढवळणारा ॲजिटेटर चालू ठेवला, आणि दहाच्या सुमारास काटा चारवर आणला. इथवर सगळं सुरळीत. मग प्लास्टिकच्या मगात लिटरभर लाय घेतली, ओतली, पाच मिनिटं थांबलो. काटा हलला तो थांबेचना. पाच, सात, नऊ, आणि १०.४ वर जाऊन बसला.

"बेन, फरी चढी गयुं," काका म्हणाले. ताई, पुन्हा चढलं. त्या 'फरी'त वर्षानुवर्षांचा वैताग होता. त्यांच्या हातून हे पहिल्यांदा होत नव्हतं.

उतारा म्हणून मगभर ॲसिड घातलं. ९.८. एवढंच? आणखी एक मग घातला. ३.९. म्हणजे पुन्हा जिथून निघालो होतो तिथून खाली. बाहेर पाऊस, टाकी भरलेली, मागून येणारं पाणी अडवून धरलेलं, आणि आम्ही दोघं एकदा इकडे एकदा तिकडे. वरून फोन येत होते. काकांनी मग खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी एम.एस्सी. होते ना.

मी बादलीभर पाणी घेऊन प्रयोगशाळेत पळाले. ब्युरेट लावली, थेंब थेंब कॉस्टिक सोडत आकडे लिहिले आणि आलेख काढला. कॉलेजात मी हा आलेख डझनभर वेळा काढला असेन. बराच वेळ आडवी जाणारी रेघ, मग एकदम उभी भिंत, मग पुन्हा आडवी. परीक्षेत त्या भिंतीचे मार्क मिळायचे. आज मी त्या भिंतीवरून पडत होते.

मग कागदावर हिशेब मांडला, आणि तो हिशेब मला आजही तोंडपाठ आहे. पन्नास हजार लिटर पाणी पीएच २ वरून ७ वर न्यायला घन कॉस्टिक लागतं २० किलो. त्यातलं १९ किलो ८०० ग्रॅम नुसतं चारवर पोचायलाच जातं. चार ते सात या सगळ्या चढणीला उरतात २०० ग्रॅम. आणि आणखी २०० ग्रॅम घातलं की पाणी दहावर. म्हणजे चार ते दहा या सहा घरांत मिळून ४०० ग्रॅम. आणि काकांच्या एका मगातल्या ४८ टक्के लायमध्ये कॉस्टिक असतं ७०० ग्रॅमच्या वर! चारवर उभ्या असलेल्या टाकीत तो मग कितीही जपून ओतला असता तरी ती दहाच्या पुढेच जाणार होती. हाताची चूक नव्हती. त्या मापानं सात गाठणं शक्यच नव्हतं.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मगाकडेच बघत राहिले.

मग मला जी गोष्ट सुचली ती स्वयंपाकघरातली होती. खायचा सोडा. सोडियम बायकार्बोनेट. बायकार्बोनेटचा आयन मोठा गुणी. ॲसिड आलं तर तो हायड्रोजन आयन उचलून घेतो आणि कार्बन डायऑक्साईड होऊन बुडबुड्यांतून निघून जातो. अल्कली आली तर आपल्याजवळचा हायड्रोजन आयन देऊन टाकतो आणि कार्बोनेट होतो. दोन्ही बाजूंनी आलेलं ओझं तो अंगावर घेतो. त्याच्या एका बाजूचा पीके (ज्या पीएचला तो अर्धा या रूपात, अर्धा त्या रूपात असतो तो आकडा) ६.३५, दुसऱ्या बाजूचा १०.३३, आणि या दोहोंच्या बरोबर मध्ये, ८.३ च्या आसपास, नुसत्या सोड्याच्या पाण्याचा पीएच. म्हणजे सोडा कितीही सांडला तरी तो पाण्याला नऊच्या वर नेत नाही. कॉस्टिकचा हात चुकला तर पाणी कुठल्या कुठे जातं, सोड्याचा हात चुकला तरी घरातच राहतं.

३.९ वरच्या त्या टाकीतलं सगळं ॲसिड नुसतं खायला सोडा लागत होता अर्धा किलो. मी पाच किलो घालायला सांगितलं. काकांना वाटलं बाईंचं गणित चुकलं. पाण्यावर बारीक फेस आला, काटा सावकाश वर सरकला आणि ७.३ वर थांबला. थांबला! सकाळपासून पहिल्यांदा तो साताच्या घरात थांबला होता. कार्बन डायऑक्साईड निघून जाईल तसा तो अजून थोडा वर गेला, संध्याकाळी ७.९ होता.

पण त्याआधी काकांनी एक गोष्ट केली. मला न विचारता अर्धा मग ॲसिड घेतलं आणि टाकीत ओतलं. मी ओरडणार तोच म्हणाले, "जोवा तो दो." बघू तर द्या. सकाळी एका मगानं ९.८ वरून ३.९ केलं होतं. आता अर्ध्या मगानं काटा ७.३ वरून हलून सातवर आला आणि तिथेच उभा राहिला.

"हवे तो हलतुं ज नथी," काका म्हणाले, म्हणजे आता तर हलतच नाही, आणि मग जे म्हणाले ते मी आजवर अनेक विद्यार्थ्यांना सांगितलंय. "पाणीमां दम आवी गयो."

पुस्तकात याला बफर क्षमता म्हणतात. काकांचा शब्द मला जास्त पटतो. पीएच सांगतो पाणी आत्ता कुठे उभं आहे. कुणी धक्का दिला तर ते तिथे उभं राहील का, हे पीएच सांगत नाही. त्यासाठी त्याच्यात दम किती आहे ते बघावं लागतं, आणि दम मोजायचा तर टायट्रेशनच करावं लागतं. किती ॲसिड खाऊन ते ढळतं ते थेंब मोजून बघायचं. पाण्याच्या कामात याला अल्कलिनिटी म्हणतात. नावावरून लोकांना वाटतं की हाही पीएचचाच भाऊ. तसं नाही. दोन पाण्यांचा पीएच अगदी सारखा आणि अल्कलिनिटीत शंभरपट फरक, असं सहज असू शकतं.

त्यानंतर मी रोजच्या रजिस्टरात अल्कलिनिटीचा रकाना मागितला. वरून उत्तर आलं की नियमात पीएच मागतात, तेवढा लिहा. मी माझी वेगळी वही ठेवली. नोकरी सुटेपर्यंत ठेवली. टाकी कधी पळणार आणि कधी बसणार हे त्या वहीवरून आदल्या दिवशी सांगता यायचं, आणि काका रोज सकाळी पीएच न विचारता "बेन, दम केटलो?" म्हणजे दम किती, असं विचारायचे.

एक गोष्ट सांगायची राहिली. सात हा आकडाही काही देवानं दिलेला नाही. पाणी तापलं की जास्त रेणू फुटतात, आणि मग 'ना ॲसिड ना अल्कली' ही जागाच खाली सरकते. बडोद्याच्या मे महिन्यात आमच्या उघड्या टाकीतलं पाणी ४० अंशाला पोचायचं, तेव्हा उदासीन पीएच ६.७७. उकळत्या पाण्यात तो ६.१४. उकळतं पाणी म्हणून ॲसिड होत नाही, हायड्रोजन आयन वाढले तेवढेच हायड्रॉक्साईडही वाढलेले असतात. नवीन मुलं मे महिन्यात ६.८ बघून अर्धवट झाल्यासारखी सोडा शोधत धावायची.

भाचीला हे सगळं सांगून झालं तरी तिच्या चेहऱ्यावर ते 'खरंच?' होतंच. मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. माझ्याकडे खिशातलं छोटं पीएच मीटर आहे, आणि चार, सात, ९.२ च्या बफरच्या गोळ्याही. मीटर आधी त्या गोळ्यांच्या, ठरलेल्या पीएचच्या पाण्यात लावून घेतलं. दोन पेले घेतले. एकात इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात नळाचं. आमच्याकडे आजव्याचं पाणी येतं, महाराजांनी बांधलेल्या सरोवरातलं. शहराच्या दुसऱ्या भागांत महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं येतं.

डिस्टिल्ड पाण्यात मीटर ठरेना. ५.९, ५.७, पुन्हा ५.८. तिला वाटलं मीटर बिघडलं. बिघडलं नव्हतं. त्या पाण्यात वीज वाहून न्यायला जवळजवळ काहीच नसतं, त्यामुळे मीटर चाचपडतं. आणि सात का नाही? कारण उघड्या डिस्टिल्ड पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साईड विरघळतो आणि ते ५.६ च्या आसपास येऊन थांबतं. जगातलं सगळ्यात 'शुद्ध' पाणी हवेच्या एका श्वासानंही हलतं.

नळाच्या पाण्यात मीटर ७.८ वर चटकन थांबलं.

मग लिंबाचा रस, ड्रॉपरनं. डिस्टिल्ड पाण्यात एक थेंब. ४.२. एकाच थेंबात दीड घर खाली. नळाच्या पाण्यात एक थेंब, ७.५. दोन, ७.२. ती मोजत राहिली. सहाच्या खाली जायला आठ थेंब लागले, पाचच्या खाली जायला चौदा. दोन्ही पेले दिसायला सारखे स्वच्छ. पण आजव्याचं पाणी जमिनीवरून, मातीदगडांतून आलेलं, येताना वाटेत बायकार्बोनेट गोळा करून आलेलं. दम त्याला वाटेवर मिळालाय.

याच ठिकाणी मला अल्कलाईन पाण्याची यंत्रं विकणाऱ्यांवर दोन शब्द लिहायचे आहेत, कारण मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत असा एक जण येऊन गेला. पीएच ९.५, पीएच ९.५, असं म्हणत होता. ९.५ म्हणजे लिटरमागे हायड्रॉक्साईड किती? मोलचा लाखावा भाग घ्या, असे जेमतेम तीन. त्या पाण्यात दुसरं काही नसेल तर लिटरभर पाण्याचं ते सगळं अल्कलीपण संपवायला लिंबाच्या रसाचा एक थेंब पुरतो. पोटात तर पीएच दीड-दोनचं ॲसिड असतं. आकडा मोठा आणि दम शून्य. ज्यांनी आपले साठवलेले पैसे त्या यंत्रात घातले त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

पेले विसळताना भाचीनं विचारलं, "आजी त्या पांढऱ्या गोळ्या घ्यायची त्या सोड्याच्याच होत्या ना?"

माझी आई. भाचीला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं, तेव्हा ती सात वर्षांची होती.

रसायनशास्त्र मला पहिल्यांदा आईनंच दाखवलं होतं, तिला ते ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाच्या दिवसानंतर ती दगडावर लुगडं धुवायला घ्यायची. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक व्हायचा, मी घाबरायचे. मग पाण्यानं दोन-तीनदा खळबळलं की पुन्हा पिवळा. साबण अल्कली, हळद दर्शक, म्हणजे रंग बदलून अल्कली दाखवणारी. गेलेला रंग परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, हे मी तासन् तास बघत बसायचे.

२०१६ मध्ये आईची मूत्रपिंडं थकत चालली होती. एक दिवस तिला दम लागायला लागला. छातीत काही नव्हतं, खोकला नव्हता, ताप नव्हता. फक्त श्वास भराभर, मिनिटाला अठ्ठावीस. रुग्णालयात मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं आणि अर्ध्या तासात कागद हातात आला. पीएच ७.३१. बायकार्बोनेट १४. कार्बन डायऑक्साईडचा दाब २९.

माझ्याबरोबर आलेल्या भावानं पहिला आकडा बघितला, शेजारी नेहमीची मर्यादा छापलेली होती, ७.३५ ते ७.४५. "जरासाच कमी आहे," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

माझी नजर दुसऱ्या आकड्यावर होती. रक्तातला बायकार्बोनेट निरोगी माणसात चोवीसच्या आसपास असतो, आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साईडच्या वीसपट. रक्तात बायकार्बोनेटचा पीके ६.१ धरतात, त्यात वीसचा लॉग मिळवा, ७.४ येतात. सगळ्यांच्या रक्ताचा पीएच या वीसावर उभा आहे. आईचा बायकार्बोनेट चौदा. शरीरात रोज तयार होणारं ॲसिड मूत्रपिंडं बाहेर टाकत नव्हती, आणि ते ॲसिड एकेक करून बायकार्बोनेट खात होतं. माझ्या टाकीतला सोडा खावा तसं. मग पीएच जवळजवळ जागेवर कसा? कारण फुप्फुसं दुसऱ्या बाजूनं वजन उतरवत होती. बायकार्बोनेट कमी झाला तर कार्बन डायऑक्साईडही कमी करायचा, म्हणजे गुणोत्तर फार ढळणार नाही. त्यासाठीच ते अठ्ठावीस श्वास.

पाकिटाच्या मागे मी हिशेब केला. तिचं गुणोत्तर सोळास एक होतं, ६.१ मध्ये सोळाचा लॉग, ७.३१. कागदाशी जुळलं. मग तिनं आपल्यासारखा शांत श्वास घेतला असता तर काय झालं असतं तेही काढलं. ७.१७. सत्तर वर्षांच्या त्या बाईचं शरीर, तिला काहीही न कळवता, दर मिनिटाला ते अंतर ओढून धरत होतं. काकांचा आवाज माझ्या कानात आला. बेन, दम केटलो? मराठीत दम असणं आणि दम लागणं याला एकच शब्द आहे, आणि त्या रात्री तिच्या उशाशी बसून मला पहिल्यांदा कळलं की तो एकच का आहे.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनीही बोट बायकार्बोनेटवरच ठेवलं. त्यांनी उपचार सुरू केले, आणि घरी सोडताना दिलेल्या चिठ्ठीत सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या होत्या. मी औषधाच्या दुकानात ती पट्टी हातात घेऊन उभी राहिले, दुकानदार सुटे पैसे घेऊन थांबला होता.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. बायकार्बोनेट २०.

"हो, सोड्याच्याच," मी भाचीला सांगितलं.

"मला ते आठवतं," ती म्हणाली. "आजी जिना चढून वर आली होती आणि मला गच्चीवरून हाक मारली. तू खाली उभी राहून पायऱ्या मोजत होतीस."

एकोणीस पायऱ्या. ती मध्ये कुठेच थांबली नव्हती.